‘आत’, ‘वर’, ‘खाली’ : तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना स्थानदर्शक शब्द कसे शिकवावेत

‘बाटली दप्तरात ठेव’, ‘चप्पल खाटेखाली आहे’, ‘आजीच्या मागे उभा राहा’ अशी वाक्ये आपण घरात दिवसभर बोलत असतो आणि बहुतेक मुले ती कोणी मुद्दाम न शिकवता समजू लागतात. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना मात्र हे शब्द एकेक करून, सावकाश आणि विचारपूर्वक शिकवावे लागतात. ते आले नाहीत, तर हाताशी असलेली वस्तूसुद्धा मुलाला सापडत नाही आणि प्रत्येक लहान कामासाठी त्याला कोणाच्या तरी हाताला धरून जावे लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत अशा मुलांबरोबर नव्याने काम सुरू करणारे शिक्षक, अंगणवाडीच्या ताई आणि पालक यांच्यासाठी हा लेख आहे. इथल्या मुलाच्या कानावर घरी मराठी आणि बाहेर कन्नड पडते, त्यामुळे दुसरीकडची पुस्तके जशीच्या तशी इथे लागू पडत नाहीत.

हे शब्द अवघड का जातात

चेंडू बोटाने दाखवता येतो, पण ‘खाली’ बोटाने दाखवता येत नाही. ‘खाली’ हे दोन वस्तूंमधले नाते आहे आणि वस्तू बदलल्या तरी ते नाते तेच राहते, ही गोष्ट मुलाला स्वतः ओळखावी लागते. मराठीत आणखी एक अडचण येते. आपले स्थानदर्शक शब्द बहुधा नामाला चिकटतात आणि चिकटताना नामाचे रूप बदलते. महिनाभर कष्ट घेऊन ‘डबा’ हा शब्द शिकलेल्या मुलाला आपण एकाएकी ‘डब्यात’ म्हणतो, तेव्हा त्याच्या ओळखीचा ‘डबा’ त्या शब्दात राहिलेलाच नसतो. म्हणून सुरुवातीला सुटा शब्द वापरावा. डबा हातात घेऊन ‘डबा’ म्हणावे, क्षणभर थांबावे, वस्तू टाकताना ठसठशीतपणे ‘आत’ म्हणावे. पुढे ‘डब्याच्या आत’ आणि सर्वांत शेवटी ‘डब्यात’ असे जावे. खुर्ची, बुट्टी, पिशवी, पेटी ही नामे ‘च्या’ किंवा ‘त’ लागताना फारशी बदलत नाहीत, म्हणून पहिल्या महिन्यांत तीच निवडलेली बरी.

कोणता शब्द आधी घ्यावा, याबाबत अभ्यासाचा आधार आहे. जुडिथ जॉन्स्टन आणि डॅन स्लोबिन यांनी १९७९ साली इंग्रजी, इटालियन, सर्बो-क्रोएशियन आणि तुर्की बोलणाऱ्या लहान मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या चारही भाषांत क्रम साधारण सारखाच निघाला: आधी आत, वर, खाली आणि शेजारी, मग दोघांच्या मध्ये आणि ज्या वस्तूला तोंड व पाठ असते तिच्या पुढे-मागे, सर्वांत शेवटी, झाड किंवा बरणी यांसारख्या तोंड-पाठ नसलेल्या वस्तूच्या पुढे-मागे. आपली मुले याच वाटेने जातात, फक्त वेग कमी असतो, असे धरून आखणी केली तर फारसे चुकत नाही.

पहिली पायरी : मुलाला खरोखर काय कळते ते पाहणे

या पायरीवर मी जास्त थांबणार आहे, कारण नवी माणसे इथेच फसतात. ईव्ह क्लार्क यांनी १९७३ साली दाखवून दिले होते की लहान मुले अनेकदा शब्द न समजता वस्तूचा आकार पाहून कृती करतात. तोंड उघडे असलेले भांडे दिसले की त्यात टाकतात, सपाट फळी दिसली की तिच्यावर ठेवतात. आपण ‘तांब्यात टाक’ म्हणतो, मूल तांब्यात टाकते आणि ‘आत’ आले असे आपण वहीत लिहून मोकळे होतो. वास्तविक त्या मुलाने तांब्याचे तोंड पाहिलेले असते, शब्द ऐकलेला नसतो.

माझ्याकडून हीच चूक झाली होती. खानापूर भागातील एका नऊ वर्षांच्या मुलीला मी दोन महिने एकच लाल चेंडू आणि एकच निळा प्लास्टिकचा डबा घेऊन ‘आत’ शिकवत होते. ती दर वेळी चेंडू अचूक डब्यात टाकत असे. एके दिवशी तिच्या आईने स्वयंपाकघरात तिला भाकरी दिली आणि ‘बुट्टीच्या आत ठेव’ असे सांगितले. मुलगी भाकरी हातात धरून आईकडे पाहत राहिली. नंतर मी त्याच डब्याजवळ बसून ‘चेंडू खाली ठेव’ असे म्हटले, तेव्हाही तिने तो चेंडू डब्यातच टाकला. दोन महिन्यांत ती चेंडू आणि डब्याचा एक खेळ शिकली होती. ‘आत’ हा शब्द तिने शिकलेलाच नव्हता.

तेव्हापासून मी तपासणीसाठी अशी मांडणी करते, की वस्तू पाहून उत्तर कळू नये. लाकडी स्टूल घेतले तर त्याच्यावरही ठेवता येते आणि खालीही. बुट्टी उपडी ठेवली तर तिच्यावर ठेवता येते आणि उचलून खालीही सरकवता येते. मुलाच्या हातात चमचा द्यावा, एकदाच ‘खाली’ म्हणावे आणि स्वतःचे डोळे मुलाच्या चेहऱ्यावर ठेवावेत. आपली नजर स्टुलाखाली गेली, हात किंचित हलला किंवा मान झुकली, तर ही मुले तो इशारा ताबडतोब पकडतात. अनेक वर्षे शब्दांवाचून निभावून नेताना त्यांनी हेच कौशल्य कमावलेले असते. शब्द सोडून दुसरा कोणताही सुगावा उरलेला नाही, अशा स्थितीत मूल पाचपैकी चार वेळा बरोबर करते का, एवढेच पाहावे. ही तपासणी पाच मिनिटांत संपवावी आणि त्या वेळी शिकवू नये.

दुसरी पायरी : एकच शब्द निवडणे

‘आत-बाहेर’, ‘वर-खाली’ अशा जोड्या एकत्र शिकवण्याचा मोह होतो, कारण पाठ्यपुस्तकांत त्या तशाच छापलेल्या असतात. या मुलांच्या बाबतीत तसे केल्यास दोन्ही शब्द एकमेकांना चिकटतात आणि कोणता कुठला हे पुढे अनेक महिने सुटत नाही. म्हणून एकच शब्द घ्यावा, तो पक्का होईपर्यंत त्याचा विरुद्धार्थी शब्द काढू नये आणि फरक दाखवायचाच झाला तर ‘आत’ आणि ‘आत नाही’ असा दाखवावा.

शब्द निवडताना त्याचे उच्चारही तपासावेत. आपल्या बोलण्यात ‘आता’ हा शब्द सतत येतो आणि नवख्या कानाला ‘आत’ व ‘आता’ सारखेच वाटतात; म्हणून ‘आत’ शिकवण्याच्या वेळी ‘आता ठेव’, ‘आता दे’ अशी वाक्ये कटाक्षाने टाळावीत. ‘मध्ये’ या शब्दाचा घोळ याहून मोठा आहे. ‘पेटीमध्ये’ म्हणजे पेटीच्या आत, पण ‘दोघांमध्ये’ म्हणजे दोघांच्या मधोमध. घरातल्या आणि शाळेतल्या सर्वांनी आतल्या जागेसाठी ‘आत’ आणि दोहोंच्या दरम्यानच्या जागेसाठीच ‘मध्ये’ असे ठरवून घ्यावे. ‘बाजूला’ हा शब्द मी वापरतच नाही, कारण ‘बाजूला बस’ म्हणजे जवळ ये आणि ‘बाजूला हो’ म्हणजे दूर जा, असे दोन उलट अर्थ मूल रोज ऐकत असते. त्याऐवजी ‘शेजारी’ हा शब्द स्वच्छ आहे. ‘पुढे’ आणि ‘मागे’ हे शब्द काळासाठीही येतात, उदाहरणार्थ ‘पुढच्या सोमवारी’, ‘मागे एकदा’. ते पूर्ण टाळता येत नाहीत, पण शिकवण्याच्या वेळेपुरते तरी दूर ठेवावेत.

तिसरी पायरी : आधी अंग, मग वस्तू

शब्द प्रथम मुलाच्या अंगाला कळला पाहिजे. खाटेखाली रांगत जाणे, दारामागे लपणे, पाटावर बसणे, मोठ्या कागदी खोक्याच्या आत शिरून बसणे, या कृती करताना नेमक्या त्याच क्षणी तो एक शब्द उच्चारावा. आधीही नाही आणि नंतरही नाही. मूल खाटेखाली शिरताना ‘खाली’ म्हणावे, शिरून बसल्यावर पुन्हा एकदा ‘खाली’ म्हणावे, आणि बाहेर येताना गप्प राहावे. ‘अरे वा, बघ बघ, कुठे गेलास रे तू, खाटेच्या खाली गेलास ना’ अशा प्रेमळ बोलण्यात तो शब्द बुडून जातो.

जे मूल चाकाच्या खुर्चीत आहे किंवा ज्याच्या हालचाली फार मर्यादित आहेत, त्याच्यासाठी हात, पाय आणि डोके यांचा उपयोग करावा. त्याचा हात कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवताना ‘आत’, पाय उबदार चादरीखाली जाताना ‘खाली’, मांडीवर मांजर किंवा ओझे येताना ‘वर’ असे शिकवता येते. ज्या मुलांना शब्दांचा अर्थ लागण्याचीच अजून सुरुवात व्हायची आहे, त्यांच्यासाठी उद्दिष्ट आणखी अलीकडचे ठेवावे: आवडती वस्तू रुमालाखाली झाकली तरी ती नाहीशी झालेली नाही, हे कळणे. तो रुमाल स्वतः ओढून काढणे हीच त्या मुलाची त्या वर्षाची प्रगती असू शकते आणि ती पूर्ण मोलाची आहे.

त्यानंतर वस्तू घ्याव्यात. खेळण्यांपेक्षा घरातल्या नित्याच्या वस्तू बऱ्या. भाकरीची बुट्टी, तांब्या, परात, दप्तर आणि चपला यांच्याशी मुलाचे रोजचे काम असते, आणि वस्तूला स्थानी पोचवण्यामागे खरे कारण असले की शब्दाला वजन येते. लाडू डब्याच्या आत आहे आणि ‘आत’ हा शब्द समजल्याशिवाय तो मिळत नाही, असा प्रसंग पन्नास वेळा चेंडू टाकण्यापेक्षा जास्त शिकवतो. वस्तू आणि भांडी दर दोन-तीन दिवसांनी बदलत राहाव्यात, शब्द मात्र तोच राहू द्यावा.

चौथी पायरी : मदत द्यावी आणि ती काढूनही घ्यावी

सुरुवातीला मूल चुकण्याआधीच मदत करावी. अशा मुलाच्या हातून चुकीची कृती चार वेळा झाली की तीच त्याच्या अंगवळणी पडते. आपला हात मुलाच्या हातावर ठेवून ओढण्यापेक्षा तो मुलाच्या हाताखाली ठेवून वाट दाखवावी, म्हणजे मुलाला नको असेल तेव्हा हात काढून घेता येतो. काही दिवसांनी केवळ कोपराला स्पर्श करावा, मग बोटाने दाखवावे, मग फक्त नजरेने, आणि शेवटी काहीच नाही. एक मदत काढून घेतल्यावर मूल अडखळले, तर आधीच्या मदतीवर परत यावे.

शब्द उच्चारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे. हे सांगायला सोपे आणि पाळायला फार कठीण आहे. आपण तीन-चार अंकांतच अधीर होऊन शब्द पुन्हा म्हणतो, तेव्हा मूल पहिल्या शब्दावर विचार करत असते आणि आपण त्याला परत सुरुवातीला नेऊन ठेवतो.

मूल बोलेल अशी अट कधीही घालू नये. समजणे आणि बोलणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘चप्पल कुठे?’ या प्रश्नाचे उत्तर मूल बोटाने, नजरेने किंवा दोन फोटोंपैकी एकाला हात लावून देऊ शकते आणि ते उत्तर पूर्ण धरावे.

दोन भाषांचा प्रश्न

आपल्या भागात हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतात: घरी मराठी, शाळेत किंवा दवाखान्यात कन्नड, मग मुलाचा गोंधळ होणार नाही का? अनेकांना एक भाषा सोडून द्या असा सल्लाही मिळालेला असतो. माझे मत स्पष्ट आहे. आई ज्या भाषेत मुलाला जवळ घेते ती भाषा सोडू नये. बौद्धिक अक्षमता असलेली मुलेसुद्धा दोन भाषांत वाढू शकतात. पण नवा शब्द आधी एकाच भाषेत पक्का करावा आणि तो झाल्यावर दुसऱ्या भाषेतला त्याला जोडावा. सुदैवाने दोन्ही भाषांची रचना येथे सारखी आहे. मराठीत ‘खुर्चीच्या वर’ आणि कन्नडमध्ये ‘कुर्चिय मेले’, म्हणजे वस्तू आधी आणि स्थान नंतर. ‘आत’ला ‘ओळगे’, ‘खाली’ला ‘केळगे’, ‘मागे’ला ‘हिंदे’, ‘पुढे’ला ‘मुंदे’ हे कन्नड शब्द मराठी शिक्षकाला माहीत असावेत.

एका शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. कन्नडमध्ये ‘खाली’ म्हणजे रिकामे किंवा संपलेले. शेजारच्या कन्नड घरात ‘हालु खाली आयितु’, म्हणजे दूध संपले, असे ऐकणाऱ्या मुलाला आपण ‘खाली बघ’ म्हटले आणि त्याने रिकाम्या पातेल्याकडे पाहिले, तर ती त्याची चूक मानू नये. अशा घरात मी ‘वर’ आधी पक्का करते आणि ‘खाली’ उशिरा घेते.

दोन भाषांमधला पूल म्हणून हाताची खूण अत्यंत उपयोगी पडते. एका हाताचा खोलगट द्रोण करून दुसऱ्या हाताची बोटे त्यात घालणे म्हणजे आत. आडव्या तळव्यावर दुसरा तळवा ठेवणे म्हणजे वर. तोच तळवा खालून सरकवणे म्हणजे खाली. आई ‘आत’ म्हणताना आणि शिक्षिका ‘ओळगे’ म्हणताना हीच खूण करत असतील, तर मुलाला दोन शब्दांमागचा अर्थ एकच आहे हे दिसते. वस्तूही शक्यतो अशा घ्याव्यात की त्यांची नावे दोन्ही भाषांत जवळजवळ सारखी आहेत: बुट्टी, बाटली, चमचा, खुर्ची. मूल वस्तूच्या नावाशी झगडत नाही आणि त्याचे सारे लक्ष स्थानाच्या शब्दावर राहते. मूल एकदा स्वतःहून खूण करू लागले की मोठ्यांनी ती थांबवू नये. खूण करणारे मूल बोलायचे राहून जाते ही भीती निराधार आहे.

‘पुढे’ आणि ‘मागे’ : मातीचा बैल

या शब्दांसाठी मला आजवर मिळालेले सर्वांत चांगले साधन म्हणजे मण्णेत्तिन अमावस्येला, म्हणजे ज्येष्ठातल्या अमावस्येला, आपल्या बाजारांत मिळणारा मातीचा बैल. त्याला शिंगे, तोंड, शेपूट आणि पाठ स्पष्ट असतात, तो एका जागी स्थिर उभा राहतो आणि घरात त्याची पूजा झालेली असल्यामुळे मुलाला तो आपला वाटतो. मुलाच्या बोटांनी आधी शिंगे आणि मग शेपूट चाचपून घ्यावी. नंतर शिंगांसमोर गवताची काडी ठेवून ‘पुढे’ म्हणावे. कित्येक दिवस एवढेच करावे. ‘पुढे’ पक्के झाल्यावर बैल आडवा, तिरका, मुलाकडे पाठ करून असा फिरवून ठेवावा. काडी तरीही तोंडाकडे गेली तर शब्द आला असे समजावे. ‘मागे’ शेपटीपासून सुरू करावे.

बैलानंतर माणसे घ्यावीत, मग घर आणि बस, कारण त्यांनाही दर्शनी बाजू असते. झाडाच्या मागे, खांबाच्या मागे ही भाषा बोलणाऱ्याच्या उभे राहण्याच्या जागेवर अवलंबून असते आणि ती बरीच उशिरा कळते. काहींना ती कळत नाही आणि त्यावाचून त्यांचे फारसे अडतही नाही. डावे-उजवे मी बहुतेक मुलांना चपला घालण्यापुरतेच शिकवते, तेही चपलेच्या आत रंगाची खूण करून.

चित्रे सर्वांत शेवटी

अनेक वर्गांत काम चित्रांच्या तक्त्यापासूनच सुरू होते. चित्रात टेबलाखालचे मांजर चार पायांच्या चौकटीत काढलेले असते आणि ते पाहणाऱ्या मुलाला ‘आत’ वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय कागदाची खालची कड हीही ‘खाली’च असते. म्हणून आधी खऱ्या वस्तू, मग त्याच वस्तूंचे मोबाईलवर काढलेले फोटो आणि खूप नंतर रेखाचित्रे, असा क्रम ठेवावा. ज्या मुलाला फोटोतली वस्तूच ओळखू येत नाही, त्याच्यापुढे चित्र ठेवण्याची घाई करू नये.

वही आणि माणसे

रोज एक ओळ लिहावी: तारीख, शब्द, वस्तू, जागा, कोणती मदत लागली आणि पाचपैकी किती वेळा मदतीशिवाय जमले. तीन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या माणसांसमोर, न शिकवलेल्या वस्तूंवर शब्द जमला, तरच तो पक्का धरावा. वर्गात जमलेला शब्द सोप्यात, परड्यात आणि शेतावर पुन्हा जमवून घ्यावा लागतो. आजी-आजोबांना खूण आणि ठरलेला शब्द स्वतः करून दाखवावा, केवळ सांगून भागत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार सहा ते अठरा वर्षे वयाच्या, चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता प्रमाणित झालेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या निवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या गटसंसाधन केंद्रात जाऊन समावेशक शिक्षण पाहणाऱ्या शिक्षकांची भेट मागताना ही वही बरोबर न्यावी, म्हणजे बोलणे प्रमाणपत्रातल्या टक्क्यांवर न थांबता मुलाला पुढे काय शिकवायचे यावर येते.

दसऱ्याची आणि उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर पहिल्याच आठवड्यात सर्व पक्के झालेले शब्द पुन्हा, नव्या वस्तूंवर आणि इशारा न देता तपासावेत. जो शब्द गेलेला आढळेल त्याच्यासाठी तिसऱ्या पायरीपासून, म्हणजे मुलाच्या अंगापासून, परत सुरुवात करावी. दुसऱ्यांदा तो बहुधा पहिल्यापेक्षा कमी दिवसांत येतो.